आईच्या नंबरचं मत

आई गेल्यानंतर माझं मराठी बोलणं जवळजवळ थांबलं. ठरवून नाही, आपोआप. रेल्वेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं हिंदीत गेली होती. शेजार हिंदी, भाजीवाला हिंदी, देवळातले पुजारी हिंदी. भाऊ बंगलोरला. त्याचा फोन यायचा तेव्हा सुरुवात मराठीत व्हायची आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो म्हणायचा, "अच्छा चलो, बाद में बात करते हैं." लग्न मी केलं नाही. या हिंदी शहरातल्या कांचघर मोहल्ल्यात, दोन खोल्यांत आई आणि मी, एवढाच आमचा महाराष्ट्र होता. एकदा संध्याकाळी लक्षात आलं की तीन दिवसांत मी मराठीतला एकच शब्द तोंडातून काढला होता, आणि तोही गेटातून आत शिरणाऱ्या कुत्र्याला उद्देशून.

वाचायला मिळायचं ते मराठी मंडळाच्या वाचनालयातून. दोन लोखंडी कपाटं, खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं, रविवारी सकाळी दोन तास. टाळेबंदीत ती खोली बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंकडे मी दोनदा विचारायला गेले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, कोणी येतच नाही तर काहून उघडायचं? तुला पाहिजे तर किल्ली घेऊन जा."

मी किल्ली घेतली. आणि घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. महिन्याला एक मराठी पुस्तक सगळ्यांनी वाचायचं, शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर भेटायचं. मंडळाच्या जुन्या वहीतले नंबर एकेक करून जोडले. सत्तावीस झाले. अठ्ठाविसावा नंबर आईचा होता.

तो का जोडला ते मला नीट सांगता येणार नाही. भावाने आईला मोठा फोन घेऊन दिला होता, तिचा चेहरा दिसावा म्हणून. ती गेल्यावर मी तो बंद केला नाही. रोज चार्जिंगला लावायचे, रिचार्ज करायचे. तिच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं आणि फोटोच्या जागी आमच्या अंगणातल्या जास्वंदीचं फूल. ग्रुपमध्ये ते फूल असावं असं वाटलं, एवढंच.

पुस्तक निवडणं हे वाचण्यापेक्षा कठीण निघालं. पंचवीस तारखेला मी तीन पुस्तकांची नावं टाकायचे आणि मतं मागवायचे. पुस्तक दोनशे पानांच्या आत पाहिजे, कारण तरुण पोरींना मराठी समजतं पण वाचताना अडखळायला होतं. कपाटात निदान एक प्रत पाहिजे, नाहीतर नागपूरहून मागवावी लागायची. एका प्रतीवर पाच-सहा जणांचा नंबर लागायचा. कोणी लिहायचं, 'यात आजार नको.' कोणी लिहायचं, 'हिंदी अनुवाद मिलेगा क्या दीदी?' सत्तावीसमधले दहा जण मत द्यायचे, मीटिंगला सात यायचे आणि त्यातल्या तिघांनी पुस्तक वाचलेलं असायचं. कोणाचा पंखा घरघरायचा, कोणाचा कुकर शिट्ट्या करायचा. पाच वाजले की सगळे चौकोन एकेक करून विझायचे आणि पडद्यावर मी एकटी उरायचे. तो चेहरा पाहायला नको म्हणून मी आधीच बोट बटणावर ठेवून बसायचे.

वाचणाऱ्या तिघांत एक भूगोलाचे सर होते. निवृत्त शिक्षक, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिलवाऱ्याकडे मुलाच्या घरी राहायचे. वय बहात्तर, आवाज अजून वर्गातला. मी सुचवलेलं एकही पुस्तक त्यांना पटायचं नाही. "ताई, हे काहून निवडलं? यात काहीच होऊन नाही राहिलं. माणूस खिडकीत बसते आन् विचार करते. अशी दोनशे पानं!" त्यांना प्रवासाची आणि इतिहासाची जाडजूड पुस्तकं हवी असायची. आमचं मीटिंगमध्ये भांडण व्हायचं आणि खरं सांगायचं तर महिनाभर मी त्या भांडणाचीच वाट पाहायचे.

चौथ्या महिन्यात मतं समसमान पडली. मी सुचवलेलं एका परिचारिकेचं आत्मकथन आणि सरांचं एक मोहिमेचं पुस्तक, दोन्हींना पाच-पाच. दुपारचा चहा घेत मी फोनकडे पाहत बसले होते. आईचा फोन शेजारीच चार्जिंगला होता. मी तो उचलला आणि परिचारिकेला मत दिलं. सहा-पाच. आईलाही हेच आवडलं असतं, अशी मी माझी समजूत घातली.

त्यानंतर दर महिन्याला दोन मतं देऊ लागले. दोन-तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये सरांनी विचारलंच, "ताई, त्या फुलवाल्या बाई कोण आहेत? मत देतात, येत नाहीत."

"आहेत एक. ओळखीच्या," मी म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी आईचा फोन वाजला. सरांचा संदेश होता, ग्रुपमध्ये नाही, थेट. 'नमस्कार. आपण प्रत्येक वेळी माझ्या विरुद्ध मत देता, म्हणून ओळख करून घ्यावीशी वाटली. राग नाही. परिचारिकेचं पुस्तक कसं वाटलं?'

उत्तर द्यायला नको होतं. पण कोणी मला इतक्या सरळ, शुद्ध मराठीत काहीतरी विचारलं त्याला किती दिवस झाले होते! मी लिहिलं, 'मला चारचौघांत बोलायला जमत नाही. वाचायला आवडतं. पुस्तक दोनदा वाचलं.' त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्यांनी नाव विचारलं. मी लिहिलं, 'नाव राहू द्या.' त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून दुपारी चारच्या सुमारास त्यांचा संदेश यायचा. मीटिंगमध्ये 'ठीकठाक आहे, फार लांबवलंय' म्हणणारा हा माणूस इथे वेगळंच लिहायचा. त्यांची सून रीव्याची, हिंदी बोलणारी. भली होती, वेळेवर चहा-नाश्ता द्यायची, 'पापाजी' म्हणायची. नातवंडांशी ते हिंदीत बोलायचे. त्यांनी लिहिलं, 'तीस वर्षं वर्गात बोललो. आता दिवसभरात मराठीतलं जे काही बोलतो ते हेच, आणि तेही बोटांनी.' एकदा त्यांनी परिचारिकेच्या पुस्तकाबद्दल लिहिलं. त्यांची बायको शेवटचे अकरा दिवस दवाखान्यात होती. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिची चप्पल मांडीवर घेऊन बसायचे, कारण खाली ठेवली तर कोणी झाडताना सरकवेल अशी त्यांना भीती वाटायची. बाराव्या दिवशी ती चप्पल घेऊन ते घरी आले. 'पुस्तकात असाच एक बाक आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'म्हणून मी ते पान मीटिंगमध्ये निघू दिलं नाही.'

ते मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग लिहिलं, 'माझ्याही माणसाची एक वस्तू मी अशीच सांभाळून ठेवली आहे.' तो फोन त्या वेळी माझ्या हातातच होता.

असे पाच महिने गेले. मला चारची ओढ लागली होती. चहा जास्त वेळ उकळून जायचा. दोन फोन टेबलावर असायचे आणि माझा स्वतःचा वाजला की माझी निराशा व्हायची.

मग ती मीटिंग आली. पुस्तक कुठल्यातरी वेगळ्याच विषयाचं होतं, पण त्यात दवाखान्याचा एक प्रसंग होता. आमच्यातली एक तरुण दाताची डॉक्टर म्हणाली की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांबद्दल लेखकाने काहीच लिहिलं नाही. मी बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "हो ना. बाहेरचा माणूस आत गेलेल्याची चप्पल मांडीवर घेऊन बसतो, खाली ठेवत नाही. ते कोण लिहिणार?"

सर कॅमेऱ्याच्या जवळ सरकले. मग ते हळूच म्हणाले, "ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"असंच... ऐकलं होतं कुठेतरी."

"अच्छा," ते म्हणाले. त्यांचा चौकोन विझला.

दहा मिनिटांत आईच्या फोनवर संदेश आला. 'मी आपल्याला विश्वासाने सांगितलं होतं. माझ्या मुलालाही माहीत नाही ते. आपण ताईंना का सांगितलं?'

आता मला दोन वाटा होत्या. एक म्हणजे 'चुकलं, बोलता बोलता निघून गेलं' असं लिहायचं. सर रागावले असते, ती फुलवाली बाई त्यांच्या मनातून उतरली असती आणि मी सुटले असते. मी तेवढं टाइपही केलं. पण ते टिंब आणि ते फूल माझ्या आईचं होतं. तिने उभ्या आयुष्यात कोणाची गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. शेजारणी तिच्याकडे येऊन रडून जायच्या आणि मला, घरातल्या घरात, कारण कळायचं नाही. तिच्या नावावर चुगली लिहिणं मला जमलं नाही. मी टाइप केलेलं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या वहीतून सरांचा पत्ता काढला आणि ऑटो करून तिलवाऱ्याला गेले. सुनेने दार उघडलं, व्हिडिओवर पाहिलेली म्हणून मला ओळखलं आणि आत हाक दिली, "पापाजी, आपकी किताबों वाली दीदी आई हैं." सर बाहेर आले. पडद्यावर भारदस्त वाटणारा माणूस प्रत्यक्षात बारीक होता, स्वेटरच्या बाह्या हातांवर आलेल्या.

मी बसण्याआधीच आईचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, त्या बाईंनी मला काही सांगितलं नाही. ती बाई नाहीच आहे. हा माझ्या आईचा फोन आहे. लिहून मी राहिली होती."

त्यांनी फोन हातात घेतला, फूल पाहिलं. "आई?"

"आईला जाऊन दोन वर्षं झाली."

"म्हणजे मतं पण..."

"हो. ती पण मीच."

सुनेने चहा आणून ठेवला. ती आत जाईपर्यंत ते फोनवरच्या फुलाकडे पाहत राहिले. मला वाटत होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला वाटलं एक बाई आहे," ते म्हणाले. "कांचघरात कुठेतरी राहते, कमी बोलते. मी तिच्यासाठी दुपारी झोपणं सोडलं होतं."

"मी पण, सर."

त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन माझ्याकडे सरकवला. "ते सगळं पुसून टाका. माझ्यासमोर."

मी पुसलं. पाच महिन्यांचं बोलणं जायला दोनदा बोट टेकवण्याइतकाच वेळ लागला. त्यांनी वाकून पाहिलं, पडदा रिकामा झाल्याची खात्री केली आणि म्हणाले, "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

मी घरी पोचेपर्यंत त्यांनी ग्रुप सोडला होता.

मी ग्रुपवर लिहिलं की गेल्या काही महिन्यांत एक मत माझंच दुसऱ्या नंबरवरून पडत होतं, चूक झाली, तो नंबर काढला आहे. उत्तरादाखल तीन अंगठे आले आणि एकीने विचारलं, 'दीदी, इस महीने की बुक कौन सी है?' कोणाला काही वाटलं नाही. इतक्या कमी लोकांना इतकं कमी वाटतं आहे हे बघून मला सगळं बंद करावंसं वाटलं. केलं नाही. दर महिन्याला तीन नावं टाकत राहिले. मीटिंगमध्ये आता कोणी भांडायचं नाही. मी जे म्हणेन त्याला सगळे मान डोलवायचे आणि पाचच्या आतच संपायचं. एकदा तर आम्ही दोघीच होतो, मी आणि दाताची डॉक्टर. ती म्हणाली, "काकू, मी अर्धंच वाचलं, पण तुम्ही बोला ना, मला ऐकायला आवडतं." मी बोलले. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिला निम्मं समजत नाहीये.

सहा महिन्यांनी सरांच्या सुनेचा फोन आला. "दीदी, पापाजी को फिर से जोड़ दीजिए. मुँह से नहीं कहेंगे. किताब लेकर बैठे रहते हैं, फिर किसी को कुछ बताना होता है तो इधर-उधर देखते हैं."

मी जोडलं. त्या रविवारी ते आले. केस पार पांढरे झाले होते. सगळ्यांना नमस्कार करून त्यांनी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही निवडलं? शेवटची चाळीस पानं कापून फेकली असती तरी चाललं असतं." मी भांडले. पूर्वीसारखी, कदाचित थोडी जास्तच. साडेपाच कधी वाजले कळलं नाही.

आता ते दर महिन्याला येतात, मत देतात, हरले की कुरकुर करतात. माझ्याशी नीट वागतात. पण आईच्या नंबरवर ते जसं लिहायचे तसं मला त्यांनी कधी लिहिलं नाही. त्या बाईशी त्यांचं जमलं होतं. ती बाई मीच होते, पण त्यांच्या लेखी ती निघून गेली आणि तिच्या जागी मी त्यांना चालणार नव्हते. मला तिचा हेवा वाटतो, हे कोणाला सांगितलं तर हसतील.

गेल्या आठवड्यात एक प्रकरण वाचताना मला राहवलं नाही. दुपारचे चार वाजले होते. मी माझ्या फोनवरून, माझ्या नावाने, त्यांना लिहिलं, 'सर, सातवं प्रकरण वाचलं का? त्यात ती म्हातारी भांडी घासायचं सोडून दारात येऊन उभी राहते ना, ते वाचून मला पुढे जाता येईना.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'वाचलं. रविवारी बोलू, ताई.'

तेव्हा मंगळवार होता. मी पुस्तक उघडलं आणि आठवं प्रकरण सुरू केलं.