जिला मी पाणी घातलं नाही ती कुंडी

हे गेल्यापासून मी देवाशी अबोला धरला होता. यांच्या आजारपणात मी काही कमी केलं नव्हतं. गुरुवार धरले, पौर्णिमेला नृसिंहवाडीला जात राहिले, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई वाचेल तशी एकेका ओळीचा अर्थ लावत पोथी वाचली. तरी हे गेले. चार महिन्यांनी माझ्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचा देव्हारा जमिनीलगत आहे, पाटावर बसल्याशिवाय पूजा होत नाही. त्यामुळे ती बंदच पडली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. विचारणाऱ्यांना दाखवायला कमरेचा पट्टा होता.

बाग यांची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागच्या चिंचोळ्या परसात मोगरा, अनंत, जास्वंद, कढीपत्ता अशा पंचवीस-तीस कुंड्या आहेत. कोपऱ्यात, शेजारच्या बुटक्या भिंतीला लागून, औदुंबराचं रोप. ते कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. पाखरांनी टाकलेलं बी न्हाणीच्या भिंतीत रुजलं होतं. तिथेच ठेवावं तर भिंत फुटते, उपटून टाकावं तर दत्ताच्या झाडाला हात लावायचा धीर होत नाही. अशी रोपं आमच्याकडे मुळासकट काढून कुंडीत जगवतात आणि नदीकाठी नेऊन लावतात. यांनीही ते काढून कुंडीत लावलं होतं, वाडीला नेणार होते. राहून गेलं.

माझ्या शुश्रूषेला कागलहून थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "कुंड्या देऊन टाक कुणाला तर. तुला स्वतःची चप्पल उचलंना, झाडं कुठली सांभाळतीस?"

"आक्का, एकही कुंडी घराबाहेर जाणार नाही," मी म्हटलं. त्यानंतर रोज सकाळी, पट्टा आवळून, ताठ उभी राहून मी पाइपने पाणी घालू लागले. सगळ्यांना घालायची. औदुंबराच्या कुंडीपाशी आले की पाइप वळवायची. मनात म्हणायची, तुझं झाड, तू बघ. माझा माणूस तुला बघता आला नाही, निदान झाड तरी बघ.

उन्हाळा तापला. पाणी घालूनही मोगऱ्याची पानं दुपारी माना टाकत. औदुंबराचं पान गळेना. दीड महिन्याने त्याला तांबूस कोवळी पालवी फुटली. मला राग आला. आक्का चोरून पाणी घालतात असं वाटून मी त्यांना विचारलं.

"तुझी भांडी घासून माझीच कंबर मोडायला आलीया," त्या म्हणाल्या, "आन् मी झाडाला चोरून पाणी घालू व्हय?"

एके दिवशी पाठ ठणकत होती म्हणून पहाटेच उठून परसात गेले. उजाडायला लागलं होतं. भिंतीपलीकडे शेजारचे मिस्त्री नळापाशी उभे होते. लोखंडी गेट, जाळ्या बनवणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. नमाजाआधी हातपाय धुऊन झाल्यावर तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी भिंतीवरून हात लांबवून औदुंबराच्या कुंडीत ओतलं. मला बघून दचकले नाहीत.

"बाई, ह्या एकाच झाडावर काय राग हाय तुमचा? सगळ्यांस्नी पाणी, ह्यालाच न्हाय. रोज बघतोय की."

"ते दत्ताचं झाड आहे, मिस्त्री," मी तुटकपणे म्हटलं.

"म्हाईत हाय. सायबांनी कुंडीत लावलं तवाच दावलं हुतं मला. वाडीला न्यायचंय म्हणालेलं." त्यांनी तांब्या नळावर पालथा घातला. "म्हटलं, साहेब गेलं, आता हे तरी ऱ्हाऊ दे."

मी पायरीवर बसले. वाकायचं नाही हेही त्या क्षणी आठवलं नाही. हे गेल्यानंतर इतकी पहिल्यांदाच रडले.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी दुकानातल्या उरल्यासुरल्या लोखंडाचं कमरेएवढं उंच स्टँड करून आणलं आणि कुंड्या त्यावर चढवून दिल्या. "आता उभ्यानं माती उकरा," म्हणाले. आक्कांनी त्यांना चहा दिला आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आता ही कुंड्या काय सोडत न्हाय."

याला कुणी चमत्कार म्हणावं, असा माझा आग्रह नाही. मी हट्टाने एक काम देवावर टाकलं होतं, आणि रोज सकाळी, माझ्या आधी उठून, ते कुणीतरी करत होतं. एवढंच मला ठाऊक आहे. माझा राग गेलेला नाही. तो लपवून नमस्कार करणं मला जमणार नाही. पण आता पाइप हातात घेतला की पहिलं पाणी त्या कोपऱ्यातल्या कुंडीला जातं.

गाडीत बसायला आता परवानगी मिळाली आहे. येत्या पौर्णिमेला वाडीला जायचं ठरलंय. कुंडी मांडीवर घेता येणार नाही, तर मिस्त्री म्हणाले, "मी धरतो की." हे का गेले, ते मी दत्ताला तोंडावर विचारणार आहे. पण आधी रोप नदीकाठी लावीन आणि तेच जुनं वाक्य म्हणेन, तुझं झाड, तू बघ. या वेळी त्याला पाणी घालून म्हणेन.