घटाची माती आणायला मलंग रोडला

गेल्या नवरात्रात आमचा घट उगवलाच नाही. नर्सरीतून पिशवीतली माती आणलेली, त्यात पेरलेले गहू कुजले. दिवाळीनंतर मुलाची वागळे इस्टेटमधली नोकरी गेली. सून म्हणाली, "आई, मी तेव्हाच म्हटलेलं, घट न उगवणं अपशकुन असतो." मी म्हटलं, "कारखाने काय गव्हावर चालतात?" बोलले खरी, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. यंदा नणंदेच्या शेतातली माती आणायची ठरवलं.

कोपरहून रिक्षाने डोंबिवली, तिथून बसने कल्याण. जाणार असाल तर कल्याणलाच खाऊन घ्या, पुढे चहाही धड मिळत नाही. मलंग रोडच्या बसमध्ये मागे बसू नका. माझी कंबर अजून बोलते. खिडकीतून शेतं शोधत होते. पत्र्याची कुंपणं आणि टॉवरच्या जाहिराती.

उतरले तर नणंदेच्या शेतावर मातीचा डोंगर उभा. भाच्याने जमीन बिल्डरला दिलेली, भराव चाललेला.

"मामी, हवी तेवढी माती न्या!"

मूठभर उचलली. टाइलचा तुकडा, गुटख्याची पुडी, बाकी नुसता भुगा. गेल्या वर्षी नर्सरीच्या पिशवीत हेच आलेलं. "ही माती नाय रे, कुणाचं तरी पाडलेलं घर आहे. यात गांडूळ तरी जगेल का?"

भाचा हसला. नणंद हसली नाही. मला न्हाणीमागे घेऊन गेली. सांडपाण्यावर तिचं अळू वाढतं, तेवढाच तुकडा उरलेला. माती काळी, ओली, दाबली की गोळा होणारी, बोट लावलं की सुटणारी.

"अर्धी तुला, अर्धी माझ्या घटाला," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर इथंपण भराव पडणार."

येताना पिशवी मांडीवरच. रिक्षावाला म्हणाला, "आजी, सोनं आहे का आत?"

"सोनं असतं तर तुझ्या रिक्षात बसले असते का?"

घट बसला. सून माझ्याकडे बघेना, मी घटाकडे बघेना. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडलीच, "आई, टोकं आली!" मुलाला नोकरी अजून नाही. म्हटलं ना, गव्हाचा काही संबंध नाही. तरी त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दसऱ्यानंतर सून सगळं खाडीत सोडायला निघाली, तेवढ्यात नणंदेचा फोन.

"वहिनी, माझी माती मी काल नदीत सोडली आणि आज त्यांनी अळवावर ट्रक रिकामा केला गं. तुझी सोडू नकोस. पुढच्या वर्षी मला घटाला लागेल."

रोपं तेवढी सोडली. माती तेलाच्या डब्यात भरून गॅलरीत ठेवलीय. त्यात कुणी मिरचीसुद्धा लावायची नाही, सांगून ठेवलंय. सून येता-जाता झाकण उघडून बघते. ती झोपली की मी बघते.