अंतऱ्यापाशी तोडलेलं पद

माझ्या मित्राच्या शोकसभेला चार वक्ते होते आणि प्रत्येकाला पाच मिनिटं दिली होती. अध्यक्ष एकोणतीस मिनिटं बोलले. घड्याळ लावून सांगतो. आमच्या हौशी संगीत नाटक मंडळात बावीस वर्षं माझं कामच ते होतं. विंगेत उभं राहून वेळ बघायची. मला गाता येत नाही.

त्या एकोणतीस मिनिटांत मित्र फार तर दोन मिनिटं आला. बाकी सगळी अध्यक्षांची स्वतःची रंगभूमीची सेवा. मित्राला त्यांनी 'गुणी सहकलाकार' म्हणून उरकलं. बँकेतली नोकरी सांभाळून हा माणूस रोज पहाटे कोथरूडच्या दोन खोल्यांत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून रियाज करायचा. भूमिका कायम नायकाच्या मित्राची. तीन अंकांत पद एकच. पण त्या एका पदासाठी तालमीला अर्धा तास आधी येऊन ऑर्गनवाल्यांशी पट्टीवरून हुज्जत घालायचा.

सभेच्या शेवटी त्याच पदाचं ध्वनिमुद्रण ऐकवायचं ठरलं होतं. सहा मिनिटं दहा सेकंद. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, जुनी कॅसेट शोधून मुलीकडून मोबाइलवर उतरवून घेतली होती. त्यांनी मंडळाकडे एवढंच मागितलं होतं, की पद पूर्ण वाजवा.

कार्यवाहांनी ते अंतऱ्यापाशी बंद केलं. "वेळेअभावी इथेच थांबूया," म्हणाले. खराडीत आयटी कंपनीत नोकरी करणारा चुणचुणीत माणूस आहे, पण अध्यक्ष बोलत असताना ही वेळ त्याला आठवली नाही.

हे पद अंतऱ्यापाशी तुटण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मीच तोडलं होतं, म्हणून मला जास्त चीड आली. स्पर्धेचा प्रयोग होता आणि दिलेल्या वेळेपुढे गेलं की नाटक बाद. तिसऱ्या अंकात माझ्या हिशेबाने वेळ संपत आली होती. मी विंगेतून दोन बोटं कात्रीसारखी हलवली. त्याने पाहिलं, ध्रुवपदावर येऊन सम गाठली आणि थांबला. पडदा पडल्यावर लक्षात आलं, की मी मध्यंतराची दहा मिनिटंही प्रयोगात धरली होती. ती धरायची नसतात. आमच्याकडे बारा मिनिटं शिल्लक होती.

त्याने दाढी उतरवता उतरवता ऐकून घेतलं. "चला," म्हणाला, "तुझंही चुकतं तर!" पुन्हा कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

म्हणून मी सभेत उठलो. "अहो, पद राहिलंय."

"काका, क्लिप ग्रुपवर टाकतो की. घरी निवांत ऐका."

"तो गेल्याचंही ग्रुपवरच कळवलंत. मग सभा कशाला भरवली?"

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "असं भावनेच्या भरात बोलू नका."

"भावना नाही, वजाबाकी आहे. आपण चोवीस मिनिटं जादा घेतलीत. त्याला पदाची उरलेली तीनसुद्धा द्यायची नाहीत?"

वहिनी उठून पर्स काखेत मारत होत्या. "भाऊजी, राहू द्या." त्या घराने आयुष्यभर हेच म्हटलं. भूमिका दुय्यम मिळाली, राहू द्या. पत्रिकेत नाव राहिलं, राहू द्या. आणि आम्ही सगळ्यांनी ते सोयीने राहू दिलं.

"नाही राहू द्यायचं," मी म्हणालो. "बसा वहिनी."

त्या बसल्या. कार्यवाहांनी मोबाइल पुन्हा माइकपाशी धरला. अध्यक्ष फोनवर बोलत दारातून निघून गेले. सभेला आलेल्या त्रेसष्टांतले एकोणीस जण उरले. अंतरा सुरू झाला. कॅसेटची खरखर होती, तरी शब्द न् शब्द कळत होता.

संपल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. "शेवटी दम कमी पडलाय."

"पडलाय," मी म्हणालो. "पण त्याने कबूल केलं नसतं."

"छे! ऑर्गनवर ढकललं असतं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

कार्यवाहांनी हळूच विचारलं, "काका, आता हॉल बंद करू ना?"

"थोडं थांबा," मी म्हटलं.