हळदी-कुंकवाखालचा मुकुट

मधुकरभाऊंची आणि आमची ओळख पालघरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. तिथे त्यांच्या तलवारींचं प्रदर्शन होतं. बोईसरला कंपनीत नोकरी करणारी माझी नात मला घेऊन गेली. तिच्या पहिल्या पगारातून घेतलेली साडी नेसले होते, तेही इथे सांगून टाकते. काचेखाली एक तलवार होती. मुठीवर सिंहाचं तोंड, त्याचा एक डोळा लाल, एक हिरवा. मी जोरात म्हणाले, "अगो, ही तर आपल्या देव्हाऱ्यातल्या तलवारीसारखी!"

आजूबाजूची माणसं हसली. भाऊ हसले नाहीत. जवळ आले, हात जोडले आणि विचारलं, "वहिनी, तुमच्या तलवारीच्या सिंहालाही असेच दोन रंगांचे डोळे आहेत का?"

"हायेत ना. बोटीच्या दोन बाजूंना दिवे असतात तसे."

"हे समजायला मला पुस्तकं धुंडाळावी लागली होती," भाऊ म्हणाले. "मी तुमच्याकडे येऊ का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. भाऊ उमरोळीचे. उभी हयात बोईसरला लेथवर गेली. जर्मन आरमारातल्या साहेबांच्या जुन्या नक्षीदार तलवारी जमवायच्या आणि खरी कुठली, नक्कल कुठली, कुठल्या काळातली, ते ओळखायचं, हा त्यांचा ध्यास. लांबलांबची माणसं त्यांना फोटो पाठवून विचारतात.

आमचं घर तारापूरच्या बाजूला, खाडीजवळ. माझे आजेसासरे मोठ्या बोटीवर खलाशी होते. एक जर्मन साहेब तापाने पडला होता, त्याची त्यांनी सेवा केली, म्हणून उतरताना साहेबाने तलवार दिली, असं ते सांगत. गावात कोणी खरं मानलं नाही. आमचे मालक लहानपणापासून ऐकत आले, "तुज्या आज्याने नाटकात राजा केलेला काय रं?" मालक टांडेल, बोटीचे म्होरके, भर वादळात बोट किनाऱ्याला आणलेला माणूस. पण दसऱ्याला तलवारीची पूजा दार लोटून करायचे.

भाऊ आले ते आधी ओटीवर बसून मालकांच्या हातचा चहा प्यायले, मग तलवारीकडे वळले. पातं उलटसुलट पाहिलं. पातं कोरं होतं.

"यावर जहाजं, नांगर असं काहीतरी कोरलेलं असायला हवं होतं," ते म्हणाले. "नाहीतर ही नंतरची नक्कल असेल. आज मला सांगता येत नाही."

म्हणजे नक्षी मीच घासून घालवली की काय! लग्न होऊन आले तेव्हापासून दसऱ्याला ती तलवार घासायचं काम माझं. चिंच आणि राख लावून, नारळाच्या काथ्याने, तोंड दिसेपर्यंत. माझ्याआधी सासूबाईंनी तेच केलं. मी रडकुंडीला येऊन भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही ती सांभाळलीत म्हणून आज ती आहे. गंजून गेली असती तर मी काय बघितलं असतं?" मालकांच्या पानात मात्र त्या दिवशी सुरमईचं कालवणही तसंच राहिलं.

मुठीजवळ पितळेची एक पट्टी असते, ती बिजागरीवर दुमडते. आमची पट्टी वर्षानुवर्षांच्या हळदी-कुंकवाने चिकटून बसली होती. पेचकसाने उचकटली असती तर क्षणाचं काम. भाऊंनी तसं केलं नाही. तीन शनिवार आले. थेंबभर तेल, मऊ कापूस, आणि मग नुसतं बसून राहायचं. बसल्या बसल्या मालकांना जाळ्याच्या गाठी विचारायचे आणि वहीत काढून घ्यायचे.

तिसऱ्या शनिवारी पट्टी उघडली. आत माझा काथ्या कधी पोचलाच नव्हता. सोन्याचा मुलामा तसाच, नांगर आणि वर इवलासा मुकुट.

भाऊ सरळ बसले. "टांडेल, मी नक्कल म्हणालो ते चुकलो. ही अस्सल आहे, जर्मन बादशाहीच्या काळातली. बादशाही गेल्यावर नव्या तलवारींवर मुकुट राहिला नाही."

"मंग आज्याचा बोल खरा?" मालकांनी विचारलं.

दुसरा कोणी हो म्हणून मोकळा झाला असता. भाऊ म्हणाले, "तलवार साहेबाची, एवढं मी लिहून देतो. ती कशी मिळाली, हे तलवार सांगत नाही. पण आजोबा म्हणायचे तीच ही वस्तू आहे. ती नाटकातली नाही."

मालकांनी त्या मुकुटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "भाऊ, घेऊन जा तुमच्याकडं. तुमाला कदर हाय."

"माझ्याकडे तिला काचेखाली नावाची चिठ्ठी मिळेल," भाऊ म्हणाले, "इथे दसऱ्याला पूजेचा नारळ मिळतो."

माणूस मोठा कशाने होतो, ते मला त्या दिवशी दिसलं. आता दसऱ्याला मी तलवारीवरून फक्त कोरडं कापड फिरवते, कुंकू पाटाला लावते. दार सताड उघडं असतं. हसणाऱ्यांचीच मुलं बघायला येतात. मालक पट्टी उघडून मुकुट दाखवतात आणि आज्याची गोष्ट सांगतात. आणि शेवटी न चुकता म्हणतात, "सायेबानं दिली ही आमची गोष्ट. तलवार सायेबाची, हा भाऊंचा बोल."

मधुकरभाऊ, पंचाहत्तर वर्षं तर झाली. आई एकवीरा तुमची नजर अशीच तीक्ष्ण ठेवो, हात असाच हलका ठेवो आणि गुडघ्यांना बळ देवो. गावोगावी अजून किती घरांची दारं लोटलेली असतील, ती उघडायला तुम्ही पुष्कळ वर्षं हवे आहात.