पोथीचा रुमाल घेऊन मॅन्झनारला

टायोगा पासचा घाट बर्फाने बंद व्हायच्या आत एकदा सिएरा डोंगरांच्या पलीकडे जाऊन यायचं, असं मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये राहायला आल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, दर ऑक्टोबरात म्हणतो आणि दर ऑक्टोबरात ऑफिसचं काहीतरी आडवं येतं. यंदा गेलो. पण फोटो काढायला नाही, एक रुमाल वाचून घ्यायला गेलो.

रुमालाचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. माझे आजोबा साताऱ्याचे, मराठा पलटणीत शिपाई. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पांढऱ्या रेशमाचा एक तुकडा होता. मधोमध मोठा लाल गोल आणि त्याच्याभोवती काळ्या शाईची उभी अक्षरं. आजीने तो गोल पाहिला आणि ठरवून टाकलं की हे कुंकू आहे, आणि एवढं मोठं कुंकू म्हणजे कापड देवाचंच. तेव्हापासून आमची पोथी त्यात बांधली जाते. दर श्रावणात गाठ सुटायची, रुमालाला हळदकुंकू लागायचं, बाबा वाचायला बसायचे. आजोबा मात्र पोथी लागली की उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. आम्ही पोरं त्यांना नास्तिक म्हणायचो.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनीअर माणूस, ऑलिंपिक बघतोस, जपानचा झेंडा ओळखता आला नाही? नाही आला. देव्हाऱ्यात ठेवलेल्या गोष्टीकडे त्या नजरेने कोणी बघत नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. व्हिसाच्या कागदांमुळे मला जाता आलं नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पुढे फ्रीमाँटच्या एका काकू साताऱ्याला गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर आईने त्याच रुमालात बांधलेली पोथी पाठवली. बाबांची म्हणून माझ्याकडे असलेली ती एकच वस्तू. एकदा घरून काम करताना ती मागच्या शेल्फवर होती आणि मीटिंग संपल्यावर हारुका नावाची माझी सहकारी थांबून म्हणाली, तुझ्या मागे ते काय आहे, जरा जवळून दाखव. दाखवलं. तिने सांगितलं की लढाईला निघालेल्या शिपायाला गावकरी असा झेंडा देत, त्यावर सह्या करून. जुनं कुंचल्याचं अक्षर तिला वाचता येईना. तिच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका डोंगरांपलीकडच्या बिशप गावात राहतात, त्यांचा नंबर तिने दिला. नाव सातो. मी त्यांना मनातल्या मनात सातोबाईच म्हणू लागलो, शाळेतल्या सगळ्या बाई असतात तशा.

पहिला दिवस. शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. जाणार असाल तर ओकडेलला टाकी भरून घ्या, पुढे डोंगरात पेट्रोल महाग होत जातं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून नुसतं आरपार जायचं असलं तरी गाडीचे पस्तीस डॉलर द्यावे लागतात, वर्षाचा पास असेल तर उत्तम. दुपारी टेनाया तळ्याकाठी दगडावर बसून थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. मी "ते बघ" म्हणायला मान वळवली आणि शेजारी कोणी नव्हतं. एकट्याने फिरताना हे दिवसातून दहा वेळा होतं, सवय होईल असं वाटतं पण होत नाही. बाबा असते तर तळ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत "गाडी ॲव्हरेज किती देते रे?" असं विचारलं असतं.

घाट उतरला की मोनो लेक, आणि तिथून ३९५ नंबरचा रस्ता दक्षिणेला सरळ. उजवीकडे डोंगरांची भिंत, डावीकडे नुसतं ओसाड रान. बिशपमध्ये साधं मोटेल घेतलं. रुमाल शर्टाच्या खोक्यात घालून आणला होता. तो गाडीत राहू द्यायचा धीर झाला नाही, वर खोलीत घेऊन आलो.

दुसरा दिवस. सातोबाईंनी घरी न बोलावता मॅन्झनारला बोलावलं होतं. बिशपहून पाऊण-एक तास. महायुद्ध चालू असताना अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना, बायकामुलांसकट, काटेरी तारांच्या आत डांबलं, त्यातली ही एक छावणी. प्रवेश फुकट आहे, पण टोपी, पाणी आणि गॉगल हवाच, कारण इथला वारा डोळ्यांत धूळ घालतो. दोन-तीन तास तरी हाताशी ठेवा. पुन्हा बांधलेल्या लाकडी बराकी आहेत, आडोसा नसलेले संडास आहेत, कैद्यांनी केलेल्या बागांचे सुकलेले हौद आहेत. टोकाला दफनभूमी, तिथे एक पांढरा स्तंभ, त्याच्या पायाशी लोकांनी ठेवलेले खडे आणि कागदी पक्षी.

सातोबाई स्तंभाजवळच उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, पायात ट्रेकिंगचे बूट. जपानमध्ये जन्मल्या, लग्न करून इकडे आल्या, नवरा वारला. त्यांच्या घरचं कोणीही या छावणीत नव्हतं. मग तुम्ही इथे का येता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सरकारने स्वतःच्या पाटीवर "आम्ही चूक केली" असं लिहिलेलं वाचायला येते. चाळीसेक वर्षं उशिरा लिहिलं, लोकांनी मागून मागून लिहायला लावलं, पण लिहिलं.

वाऱ्यामुळे आम्ही त्यांच्या गाडीत बसलो आणि मी खोकं उघडलं. त्यांनी आधी हात पुसले. मग बोट न टेकवता, वरूनच अक्षरांवरून फिरवत वाचत गेल्या. वरती ठळक लिहिलं होतं की युद्धात तुझं भाग्य टिकून राहो. शिपायाचं नाव तादाशी. नागानोच्या डोंगरातलं गाव. काकांची सही, देवळाच्या पुजाऱ्याची, शाळामास्तरांची. एका कोपऱ्यात वाकडंतिकडं, लहान मुलीच्या हातचं नाव. मग पिवळ्या डागांपाशी त्या थांबल्या. मी हळदीचं, कुंकवाचं, पोथीचं सगळं सांगितलं. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती गाडीची काच खाली केली.

नंतर त्या स्वतःचं बोलल्या. त्यांचे वडील गावातले शाळामास्तर. अक्षर सुंदर, म्हणून मुलांच्या झेंड्यांवरचा मोठा मजकूर तेच लिहायचे. किती मुलांना असं लिहून पाठवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घरी युद्धाचा विषय निघाला की शहर जळालं ते निघायचं, रताळ्याच्या देठांवर काढलेले दिवस निघायचे. सातोबाई म्हणाल्या, त्यातलं काहीही खोटं नाही, माझी आई खरंच उपाशी राहिली. पण आमच्या मुलांनी दुसऱ्यांच्या देशात जाऊन काय केलं, ते त्या गोष्टीत कधीच येत नाही. गावात स्मारकाचा दगड आहे, त्यावर नावं आहेत, ती आमच्याच मेलेल्यांची. एकदा जेवताना त्यांनी वडिलांना सरळ विचारलं. वडील म्हणाले, "सगळेच लिहीत होते," आणि वाडगा पुढे केला. भाऊ अजून तेच म्हणतो, मेलेल्या बापाला आता पिंजऱ्यात कशाला उभं करतेस. दोघांमध्ये आता फक्त नववर्षाचं कार्ड उरलं आहे.

मी मान डोलावत होतो. दुसऱ्याच्या देशाची चूक ऐकताना मान फार सहज डोलते.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांकडे हा कसा आला?"

"लढाईत मिळाला," मी म्हणालो. आमच्याकडे हेच वाक्य आहे, लहानपणापासून.

"हा पिशवीत ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर, स्वेटरवर हात ठेवला. "इथे, सदऱ्याच्या आत बांधतात."

रुमालाच्या एका कडेला एक तपकिरी डाग आहे. तो जुन्या कुंकवाचा, असं आम्ही समजत आलो. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. आणि एकदम कट्ट्यावर पाठ करून बसलेले आजोबा डोळ्यांपुढे आले.

गाव अजून आहे, घरचं कोणी सापडेल, असं सातोबाई म्हणाल्या. पण द्याच असा आग्रह त्यांनी केला नाही. मी रुमाल खोक्यात ठेवून मोटेलवर परतलो. सरळ सांगतो, मला द्यायचा नव्हता. त्याला अजून आमच्या देव्हाऱ्याचा, कापराचा वास येत होता आणि बाबांचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिसरा दिवस. सकाळी आठला, म्हणजे साताऱ्यात रात्रीच्या जेवणानंतर, आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती देवाचं कापड देऊ नको म्हणेल, म्हणजे माझं काम सोपं होईल. पण ती म्हणाली की नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा तो रुमाल धुवायला घेतला होता. आजोबांनी तिच्या हातातून काढून घेतला.

"मला म्हणाले, सूनबाई, ज्याचं आहे त्याचा पत्ता यावर लिहिलेला असणार. मला वाचता येत नाही. तो धुऊन टाकू नका."

"हे तू कधी सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलं नाही, बाळा. आणि पोथी कशात बांधणार होतो मग?"

दहा वाजता सातोबाईंच्या दारात जाऊन खोकं पुढे केलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. हळदीचे डाग तसेच राहू देते, म्हणाल्या. परतताना टायोगावर बर्फ भुरभुरायला लागला होता. सहा तास मी रेडिओ लावला नाही. शेजारच्या सीटवर आता खोकंही नव्हतं.

हा ब्लॉग मी तेव्हाच लिहायला हवा होता. पाच आठवडे थांबलो, कारण मध्ये सातोबाईंची ईमेल आली. तादाशीचा पुतण्या सापडला. तो झेंडा घ्यायला तयार नव्हता. घरी कबर आहे, तिच्यात हाडांऐवजी सरकारने पाठवलेला एक दगड आहे, तेवढं पुरे, असं त्याचं म्हणणं. मग दोन दिवसांनी त्याने कळवलं की घेईन, पण झेंडा तिकडे कसा गेला ते त्या घरच्या माणसाने लिहून द्यावं.

मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा "मिळाला" लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्यांदा युद्ध, इंग्रज, गरिबी असं पानभर लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी गेलं ते असं: "माझ्या आजोबांनी हा झेंडा तुमच्या काकांच्या अंगावरून काढून घेतला. तुमच्या काकांना त्यांनीच मारलं का, मला माहीत नाही. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. झेंडा तुमचा आहे, हे त्यांना ठाऊक होतं." उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित येणारही नाही.

परवा रविवारी आईला हे पत्र मराठीत वाचून दाखवलं. ती ऐकत होती. पोथी शेल्फवर उघडीच होती, तिला काय गुंडाळावं ते मला अजून सुचलेलं नाही. आणि मग, ठरवलं नसताना, मी बोललो.

"आई, बाबांच्या वेळी मला येता आलं असतं. विमान होतं. अमेरिकेत परत यायला व्हिसाचा स्टॅम्प मिळाला नसता तर नोकरी गेली असती, म्हणून मी आलो नाही."

वर मी लिहिलंय ना, व्हिसाच्या कागदांमुळे जाता आलं नाही म्हणून? ते वाक्य मी मुद्दाम खोडलेलं नाही. दीड वर्ष मी ते सगळ्यांना सांगत होतो.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "त्यांनाही माहीत होतं. शेवटच्या दिवशी दोनदा विचारलं, निघाला का म्हणून. मी सांगितलं, कागद अडलेत."

मग ती रडली, मीही रडलो. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, जेवलास का, आणि मी नाही म्हणालो.