आत्याला न ऐकवलेले स्पीकर

हेवी मेटल वाजवणारा मास्तर पालममध्ये माझ्याशिवाय दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. शाळेत विज्ञान शिकवतो, शनिवारी शाळा सुटली की एसटीनं परभणी गाठतो, आणि तिथं एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आम्ही तिघं मित्र मिळून धिंगाणा घालतो. बायको त्याला 'तुमचं ते भांडण' म्हणते. तिचं फारसं चुकत नाही.

गिटार बरी होती. अ‍ॅम्प्लिफायर छोटा, कॉलेजातल्या मित्रानं वापरून सोडलेला. घोडं अडलं होतं ते स्पीकरवर. ज्यांना या प्रकाराचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, गिटारचा निम्मा आवाज लाकडी खोक्यातल्या त्या बारा इंची स्पीकरमध्ये तयार होतो. तो चुकला की कितीही भारी गिटार असो, तिचं मातेरं होतं. खास गिटारसाठी बनवलेले स्पीकर परदेशातून येतात. ते मी मोबाईलवर रोज बघायचो, विकत घ्यायच्या यादीत टाकायचो आणि पगार आठवला की काढून टाकायचो. शेवटी आमच्याकडचा माणूस जे करतो तेच मी केलं. वरातीतल्या डीजेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो.

"सर, छातीत दणका बसंल," दुकानदार म्हणाला. मला दणकाच हवा होता. जोडी उचलली. सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं, पाठ बंद ठेवली, कारण मेटलला आवाज घट्ट लागतो, सैल चालत नाही, एवढं मी वाचलं होतं.

दणका बसला, यात वाद नाही. खिडकीची तावदानं थरथरली. पण मेटलमध्ये तारेवर हात ठेवला की आवाज जागच्या जागी तुटला पाहिजे. हे स्पीकर जड कोनाचे, म्हणजे आतला थरथरणारा कागदी पडदा जाड, खर्जासाठी बनवलेले. एक झटका संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा आणि नुसती घुमघुम उरायची. गोधडीत तोंड घालून कुणी भांडावं तसं. आमचा ड्रमवाला म्हणाला, "तू वाजवायलास हे दिसायलंय, ऐकू काहीच येईना." दुकानदारानं वाजवलेला माल परत घ्यायला नकार दिला. बरोबरच होतं त्याचं.

आता वडिलांकडे यावं लागतं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. पिंगळीत राहतात, आणि आमच्या वस्तीची जी गायन पार्टी आहे तिचे ते मुख्य गायक. म्हणजे होते. लग्न, नामकरण, एप्रिलातली जयंती, सगळीकडे पार्टी जायची. पार्टीचे दोन जुने बॉक्स बुद्धविहारामागच्या खोलीत असायचे. एका रविवारी मी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पिंगळीला गेलो होतो. सहज गंमत म्हणून त्या बॉक्सला तार जोडली आणि एक झटका मारला.

मी खालीच बसलो. जो आवाज मी महिनोन्‌महिने शोधत होतो तो तिथं धूळ खात पडला होता. करवतीसारखा कडक, हात ठेवला की खलास. मी बॉक्सची पाठ उघडून बघितली. आत बारा इंचीच जुने स्पीकर, हलक्या कागदी कोनाचे. त्यांना खर्ज फारसा झेपत नाही, पण मधल्या पट्टीतला आवाज ते असा पुढं आणून ठेवतात की बोलणाऱ्याचं तोंड समोर असल्यासारखं वाटावं. माणसाचे शब्द याच मधल्या पट्टीत असतात. मेटलची गिटारही तिथंच जगते. अ‍ॅम्प्लिफायर लहान असल्यामुळे ते जळण्याची भीती नव्हती. सगळं जमत होतं. आणि या स्पीकरांशिवाय दादांच्या शब्दांचं काय होईल, हेही मला त्याच दुपारी कळलं होतं. नंतर कळलं असतं तर मला आज बरी झोप लागली असती.

जेवताना मी विषय काढला. "दादा, पार्टीचे स्पीकर लय जुने झालेत. माझ्याकडं नवी जोडी हाय, मोठ्या आवाजाची. ती बसवून देतो. जुने मी नेतो, माझ्या कामाला येतील."

"नवी जोडी? आमाला कशाला रे एवढं?" दादा म्हणाले, पण चेहरा उजळला होता. पुढच्या रविवारी मी जोडी नेऊन बसवली. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं की मास्तरनं पार्टीला नवे स्पीकर दिले. ज्याला त्याला दादा बॉक्स उघडून दाखवत होते. निघताना आईनं धपाटे बांधून दिले. मी ते एसटीत खाल्ले, मांडीवर जुने स्पीकर घेऊन.

आमच्या पार्टीची एक पद्धत आहे. स्पीकर बदलला, दुरुस्त केला किंवा बॉक्सची जागा हलवली, की तो आत्याला ऐकवायचा. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. ती वस्तीच्या टोकाला हापशाच्या ओट्यावर जाऊन बसते. दादा माइकवर एखादं नवं कडवं म्हणतात, तिनं कधी न ऐकलेलं. मग ती येते आणि ते कडवं जसंच्या तसं म्हणून दाखवते. एक शब्द जरी चुकला तरी स्पीकर नापास. दादांचं म्हणणं असं, की आपली गाणी सूर ऐकवायला नाहीत, सांगायला आहेत, आणि टोकाला बसलेल्या बाईला कळलं नाही तर सांगून काय उपयोग.

नवे स्पीकर बसवले त्या दिवशी आत्या पदर खोचून निघाली होती. मी तिला थांबवलं. "आत्या, बस. मी मोबाईलवर मोजलंय. पहिल्यापेक्षा दुप्पट आवाज हाय."

"तू मोजलंस म्हनल्यावर मी कशाला उन्हात जाऊ," ती म्हणाली आणि बसली.

शब्द पोचेल का, असं तिनं विचारलंच नाही. मी शिकलेला, आणि घरचा. मला माहीत होतं की ती ओट्यावर गेली तर स्पीकर नापास होणार आणि मला जुनेच परत बसवावे लागणार. तिला थांबवताना माझे कान गरम झाले होते. तरी मी थांबवलं.

जयंतीला मांडव भरला होता. दादा उभे राहिले, पहिलं गाणं सुरू केलं, आणि ढोलकीचा दणका साऱ्या मांडवात बसला. पोरं खूश झाली. दादांचा आवाज मात्र त्या दणक्याखाली गेला. खर्ज येत होता, शब्द येत नव्हते. मागच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, काय म्हणायलेत. दुसऱ्या गाण्याला दादांनी ताण दिला. तिसऱ्याला त्यांचा घसा बसला. मी आवाजाच्या मशीनपाशी उभा होतो. खर्जाचं बटण पार खाली केलं, आणखी एकदोन बटणं फिरवली, त्यानं काही फरक पडला नाही. पाण्याचा घोट घेताना त्यांनी खाली वाकून आत्याला विचारलं, "कळायलंय का?"

आत्या कधी खोटं बोलत नाही. "न्हाई," ती म्हणाली.

मग दादांनी माइक काढला आणि मागं कोरस धरणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. लोकांना हात जोडले. म्हणाले, "आता ह्यानं म्हनावं. माझा घसा गेला." आमच्या पार्टीत लोकांसमोर दिलेला माइक कुणी परत घेत नाही. दादांच्या गुरूंनी तो त्यांना असाच दिला होता. चुलतभाऊ तरणा, छाती फोडून ओरडला, पोरं नाचली, कार्यक्रम पार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परभणीला जाऊन माझं खोकं उघडलं आणि स्पीकर घेऊन पिंगळीला आलो. दादा ओट्यावर चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. कोन, खर्ज, मधली पट्टी, माझी गिटार, आत्याला का थांबवलं ते. सांगताना रडू आलं, मी ते लपवलं नाही.

दादांनी कप खाली ठेवला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं बापाच्या म्हातारपनाचं खापर स्वतःवर घेऊ ने बाळा. कुठं स्पीकरनं घसा जातो का?" आणि आत तोंड करून आईला म्हणाले, "ऐकलंस का, लेक कसा समजूत घालायलाय माझी."

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांना अधिक गुणी वाटत गेलो. जुने स्पीकर बसवून एकदा म्हणून बघा, अशी गळ घातली. ते नको म्हणाले. दिलेला माइक तपासायला म्हणून तरी का घ्यावा. आई सांगते, आता ते अंघोळीला बसल्यावरही गुणगुणत नाहीत.

जुने स्पीकर मी पार्टीच्या बॉक्समध्ये बसवले. मध्यंतरी वस्तीतल्या एका लग्नात पार्टीचा कार्यक्रम झाला. चुलतभावानं दादांचंच गाणं घेतलं. पहिल्या रांगेपासून पार रस्त्यापर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ गेला. दादा माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. कडवं संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. मग माझ्याकडं झुकून, अगदी समाधानानं म्हणाले, "बघ. समदं कळायलंय. म्हंजी माझा घसाच गेला व्हता."