काहूनबाईंची उलटतपासणी

बाईंचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं होतं. सारखं 'काहून?', म्हणजे 'का?', विचारायच्या म्हणून आम्ही त्यांना काहूनबाई म्हणायचो आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंगोलीतल्या एका छोट्या उपचार केंद्रात त्या आम्हा चौघांना संगीतोपचार शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, रुग्णासमोर गाऊन-वाजवून झालं की एकेकाला लोखंडी स्टुलावर बसवून सोलायच्या.

"रुग्णाला बरं वाटलं," असं कुणी म्हणालं की संपलंच. "कोणाला? त्याला का तुला? डोळे कुठं होते त्याचे? तू आवाज चढवलास, काहून?" मी पेटीत विशारद होऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात माझं विशारदपण त्या स्टुलाखाली जाऊन लपलं.

बाई वसमतच्या. वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत लहानपणापासून गायलेल्या, त्यामुळे गळा असा की समोरचा माणूस जागेवरून हलू नये. पण त्याचं कौतुक केलेलं त्यांना खपायचं नाही. "गळा बापाचा हाय. तुमी रुग्णाचं सांगा," म्हणायच्या.

मग सिद्धेश्वर गावचे एक रुग्ण आले, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. धरणावर मासे धरणारा गडी, अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेलेली. त्यांची बायको गयामामी म्हणाली, "भांडण तरी करू द्या त्यायला. घर मुकं होऊन राहिलंय." मी महिनाभर अभंग वाजवले, मामा खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी बाई स्वतः वडिलांच्या पार्टीतलं एक गाणं गायल्या. मामा हमसून हमसून रडले, मामी रडली, आम्हीही रडून घेतलं. पुढच्या वेळी मामांनी यायलाच नकार दिला.

तेव्हा बाई स्वतः जाऊन स्टुलावर बसल्या. "विचारा," म्हणाल्या.  मीच विचारलं, "बाई, तेच गाणं काहून?"

बाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "पार्टीत माणूस रडला की नोटा पडायच्या. हा रडला अन् मला वाटलं, जमलं. त्याला बोलायचं होतं गं, मी रडवून बसले."

सगळं केंद्र ज्यांना टरकायचं, त्या बाई एवढ्याशा झाल्या होत्या. त्या दिवसापासून मला त्या मनापासून आवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं सिद्धेश्वरला गेलो. बाई गायल्या नाहीत, नुसत्या ओट्यावर बसल्या. मामा चांगल्या हातानं जाळं चाचपत होते. चाचपता चाचपता गुणगुणायला लागले आणि जाळं ओढतानाचं एक भलतंच चावट गाणं शब्दांसकट बाहेर पडलं. मामीनं पदरात तोंड लपवलं. "पाणी मागता येईना, अन् हे बराबर येतंय यायला."

बाईंनी चाल तीच ठेवली, चावट शब्द काढले आणि जागी बसवलं, 'गया, च्या दे'. काही महिन्यांत मामा गाऊन चहा मागू लागले. मामी तक्रार घेऊन आली, "लगीन झाल्यापासून माझं नाव घेतलं न्हाई कधी. आता गल्लीभर गाऊन राहिलेत." आणि स्वतःच लाजली.

पुढं काही वर्षांनी बाई अचानक गेल्या. मला फार पोरकं वाटलं. शोकसभेत वक्ते त्यांच्या गळ्याबद्दल तासभर बोलले. मग मामा काठी टेकत उठले आणि बाईंच्या फोटोसमोर त्याच चालीत गायले, "बाई, च्या घे." लोक एकमेकांकडे बघू लागले. मामी लगबगीनं उठली. मला वाटलं, आता त्यांना हाताला धरून खाली बसवते. ती शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर गायला लागली.